पाऊस, चिखल आणि ट्युलिप

सिॲटलला यायचं ठरलं तेव्हा जो तो पावसाबद्दल बजावत होता. मी मनातल्या मनात हसले. साताऱ्याच्या मुलीला पावसाची भीती कसली घालता? इथे आल्यावर कळलं, वर्षभरात पडतो तो जेमतेम ३८-३९ इंच. महाबळेश्वरला एकट्या जुलैत याहून जास्त कोसळतो. पण आपला पाऊस येतो, गडगडतो, झोडपतो आणि चार महिन्यांनी निरोप घेतो. इथला ऑक्टोबरात येतो आणि मुक्काम ठोकतो. ना विजा, ना गारा. नुसती भुरभुर.

नवरा ऑफिसला आणि लेक शाळेत गेली की मी आणि खिडकी. अशा वेळी मला हटकून शाळेचा पहिला आठवडा आठवतो. वर्गाच्या कोपऱ्यात निथळणाऱ्या छत्र्या, ओल्या दप्तरांचा वास, पत्र्यावरच्या आवाजात कविता ऐकू जावी म्हणून चढवलेला माझा आवाज. एम.ए. करून सहा वर्षं मी मराठी शिकवलं. लग्नानंतर इकडे आले ती डिपेन्डंट व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही. कुणी विचारलं की मी म्हणते, "सध्या घरीच." त्या 'सध्या'ला यंदा आठ वर्षं झाली.

एप्रिलमध्ये सासूबाई आल्या होत्या. पंधरा दिवस खिडकीतून पाऊस बघून त्या कंटाळल्या. "थांबला की कुठेतरी जाऊ," म्हणाल्या. नवरा म्हणाला, "आई, इथे थांबायची वाट बघितलीस तर जुलै उजाडेल." शेवटी एका शनिवारी थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठं आणि लोणचं घेऊन आम्ही भर पावसात स्कॅजिट व्हॅलीच्या ट्युलिप महोत्सवाला निघालो. सासूबाईंनी फोटोसाठी आग्रहाने पिवळी साडी नेसली. तिच्यावर नवऱ्याचं रेनकोटवजा जाकीट आणि पायात नातीच्या आईचे, म्हणजे माझे, गमबूट!

सिॲटलहून उत्तरेला साधारण ६० मैलांवर माउंट व्हर्नन आणि ला कॉनर या गावांच्या आसपास ही शेतं आहेत. महोत्सव १९८४ साली सुरू झाला आणि एप्रिलभर चालतो. जत्रा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक मैदान येतं. इथे तसं मैदान नाही. पीक फिरवावं लागतं, त्यामुळे दरवर्षी फुलं वेगळ्या शेतात असतात आणि लोक नकाशा घेऊन गाडीतून ती शोधत फिरतात. तारखा माणसं ठरवतात, पण फुलायचं कधी ते थंडी आणि पाऊस ठरवतात.

वळण घेतलं आणि समोर पट्टे दिसले. लाल, पिवळे, जांभळे, थेट क्षितिजापर्यंत. एरवी मागे दिसणारा बर्फाच्छादित माउंट बेकर ढगांत गडप झाला होता. आकाश करडं, माती काळी, आणि मधे ते रंग असे की जणू पाऊसच त्यांना घासूनपुसून ठेवत होता. चिखल घोट्याच्या वर. लेकीने पहिल्या पाच मिनिटांत तीन डबकी मोजून त्यात उड्या मारल्या. पैठण्या नेसून, वर छत्र्या धरून फोटो काढणाऱ्या दोन-तीन मराठी मैत्रिणीही भेटल्याच.

आम्ही गेलो ते रोझेनगार्डे रोझन कुटुंबाचं. हॉलंडमध्ये त्यांच्या घराण्यात अठराव्या शतकापासून ट्युलिपची शेती होती. विल्यम रोझन १९४७ साली अमेरिकेत आले, थोड्या जमिनीवर सुरुवात केली आणि १९५५ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन बल्ब कंपनी विकत घेतली. म्हणजे हेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले. पण ट्युलिप तरी मूळ हॉलंडचं कुठे आहे? मध्य आशियातल्या डोंगरांतून ते तुर्कस्तानात आणि तिथून सोळाव्या शतकात युरोपात गेलं.

मला आमचं कास पठार आठवलं. तिथेही फुलं बघायची ती पावसाळी धुक्यातच. सातवीच्या मुलांना मी तिथे नेत असे. जांभ्या दगडावरच्या चिमूटभर मातीत तेरडा, सोनकी, सीतेची आसवं आपापली उगवतात. त्यांना कुणी लावत नाही आणि उपटून दुसरीकडे नेलं तर ती जगायची नाहीत. ट्युलिपचे कंद मात्र दर उन्हाळ्यात उकरतात, लहान-मोठे निवडतात आणि शरदात वेगळ्या शेतात लावतात.

हे सगळं मी लेकीला बाईंच्या थाटात समजावत असताना सासूबाई पुढच्या शेताच्या कडेला थबकल्या होत्या. तिथे रांगाच्या रांगा हिरव्या, एकाही देठावर फूल नाही. पाकळ्या सरीतल्या चिखलात पडलेल्या. "अगं, एवढी चांगली फुलं कुणी खुडली?"

तिकिटाच्या खिडकीवरच्या बाईंना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आम्हीच. फूल काही दिवस राहू देतो, मग शेंडे कापतो. नाहीतर झाड बी धरण्यात ताकद घालवतं आणि कंद बारीक राहतो." ही शेती मुळात कंदासाठी आहे.

सासूबाईंना मी मराठीत सांगितलं तर त्या सहज म्हणाल्या, "हात्तिच्या! आम्ही कांद्याचा डेंगळा मोडतो, तसंच की." त्यांचं माहेर लोणंदकडचं, कांद्याच्या शेतातलं.

मी हसले, पण त्या चिखलातल्या पाकळ्यांवरून नजर हटेना. घर नीट उभं राहिलं, लेक छान वाढते आहे, नवऱ्याचं चांगलं चाललं आहे. कंद पोसला, हे खरंच. आणि मी स्वतःच्या हाताने काय मोडलं, हेही तितकंच खरं.

परतताना गाडीत कुणी फारसं बोलत नव्हतं. काचेवरचे वायपर तेवढे चालू. एव्हरेटच्या आसपास सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "पण सगळ्याच कांद्यांचा डेंगळा मोडून चालत नाही हं. थोडे बियाण्याला राखावे लागतात. ते फुलू द्यायचे. नाहीतर पुढच्या साली लावणार काय?" त्या माझ्याशी बोलत होत्या की नुसत्या कांद्याबद्दल, मी विचारलं नाही. त्यांनीही पुढे काही सांगितलं नाही. लेक त्यांच्या मांडीवर झोपली होती.

मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवायला या, असं मला तीन वर्षं सुचवलं जात होतं. पगार नाही, धड वर्ग नाही, आठवड्यातून एकदा, ही काय शाळा? असं म्हणून मी टाळत आले होते. यंदा सप्टेंबरात गेले. भाड्याच्या हॉलचा एक कोपरा, नऊ मुलं. खुंट्यांवर ओली जाकिटं टांगलेली. तोच वास! मी क्षणभर दारातच थांबले.

पहिला धडा पावसाच्या शब्दांचा घेतला. रिमझिम, रिपरिप, भुरभुर, संततधार, मुसळधार. प्रत्येकाचा आवाज काढून दाखवला. एका मुलाने खिडकीबाहेर बघून हात वर केला. "टीचर, इथे फक्त भुरभुर आहे. मुसळधार कुठे मिळतो?"

"साताऱ्याला," मी म्हटलं. "आणि टीचर नाही रे, बाई म्हण."