सड्यावरचे जोडतारे

तळेरे फाट्यावर विजयदुर्गची एसटी आली, तेव्हा कंडक्टरची नजर आधी गेली ती माझ्या हातातल्या लांबट पेटीवर.

"काय हा ह्या? बंदूक?"

"दुर्बीण आहे. तीन इंची," भाचीनं मी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं.

"मगे मांडयेर घेवन बसा," कंडक्टर म्हणाला. पुढचे दोन तास ती पेटी आळीपाळीनं आमच्या मांडीवर होती. रस्त्याचा एकेक खड्डा मला भिंगात जाणवत होता.

आम्ही निघालो होतो गिर्ये गावाला. विजयदुर्गच्या अलीकडे, देवगड तालुक्यात. तिथे माझ्या वडिलांचे जुने स्नेही राहतात, त्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांची हापूसची कलमं आहेत, आणि कलमांच्या वर सडा आहे. कोकणात न गेलेल्यांसाठी सांगतो, सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात हिरवंगार, मे महिन्यात तव्यासारखं तापलेलं आणि रात्री दिवा नावालाही नाही. पश्चिमेला समुद्र, बाकी तिन्ही बाजूंना आभाळच आभाळ.

एवढ्या लांब जायचं कारण एक तारा. नरतुरंग नावाच्या तारकासमूहातला सगळ्यात तेजस्वी तारा, अल्फा सेंटॉरी. आपल्याकडच्या पुस्तकांत त्याचं नाव 'मित्र' असं दिलेलं असतं. सूर्य सोडला तर आपला सगळ्यात जवळचा शेजारी तोच. त्याचा प्रकाश इथवर यायला चार वर्षं आणि चारेक महिने लागतात. नुसत्या डोळ्यांना तो एक दिसतो, पण दुर्बिणीतून दोन. असा तारा म्हणजे जोडतारा.

अडचण अशी, की तो फार दक्षिणेला आहे. गणित सोपं आहे, वहीत करून बघा. नव्वदातून आपल्या गावाचे अक्षांश वजा करा आणि मग आणखी एकसष्ट वजा करा. उरेल तितके अंश तो जास्तीत जास्त वर येतो. गिर्ये साडेसोळा अक्षांशावर, म्हणजे उरले साडेबारा. हात लांब करून मूठ धरली, की ती साधारण दहा अंश झाकते. म्हणजे क्षितिजापासून एक मूठ आणि वर दोन बोटं, बस्स. पुण्यात तो जेमतेम मूठभर वर येतो, आणि तेवढ्यात आमच्या समोरची बिल्डिंग आणि तिच्यावरची जाहिरात येते. दिल्लीकरांना तर तो क्षितिजाच्या वर जवळजवळ येतच नाही.

मी हा तारा पहिल्यांदा पाहिला तो याच सड्यावरून, याच दुर्बिणीतून, मे १९९६ मध्ये. तेव्हा कॉलेजात होतो. त्या रात्री काढलेली चित्रं असलेली वही पेटीत भिंगांच्या शेजारीच ठेवलेली असते. या वेळी गेलो ते २०२३ च्या मे महिन्यात, अमावास्येच्या बेतानं. १९ तारखेला अमावास्या आणि वीस तारखेची सकाळची परतीची गाडी. हातात रात्री तीन.

पहिल्या संध्याकाळी आम्ही चटई, दुर्बीण आणि पाण्याची बाटली घेऊन निघालो, तर आबांनी हटकलंच. "रातीचो सड्यार खंय जातास? फुरसा आसतत थंय." फुरसं म्हणजे चांगलंच विषारी जनावर, दगडाच्या आडोशाला बसतं. म्हणून पायांत बूट, हातात काठी आणि बॅटरी. बॅटरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दोन पदरी लावला होता. पांढरा उजेड डोळ्यावर पडला, की अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा तयार व्हायला वीस-पंचवीस मिनिटं जातात. लाल मंद उजेडानं तितकं बिघडत नाही.

मी एकच नियम घातला होता. जे दिसेल ते आधी वहीत काढायचं. गोल काढायचा, त्यात मोठा ठिपका, लहान ठिपका, आणि शेजारी तारीख आणि वेळ. त्याआधी कुणी कुणाला काही सांगायचं नाही. 'तिथे दोन आहेत' असं कळलं, की डोळे आज्ञाधारकपणे दोन दाखवतात. मी स्वतः लहानपणी शनीची कडी ती दिसायच्या आधीच पाहिली होती!

सुरुवात उत्तरेकडून केली. सप्तर्षी डोक्याच्या उत्तर अंगाला, छान वर आलेले. त्यांच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी चिकटून अरुंधती. लग्नात नवऱ्यामुलानं नवरीला दाखवायचा तो हाच तारा. ही जोडी नुसत्या डोळ्यांनीच दिसते. पण दुर्बीण लावली, की वसिष्ठाचेच दोन होतात. गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली यानं १६१७ साली ते पाहिले आणि गुरूला कळवलं होतं. पुढे १८८९ साली हार्वर्डच्या वेधशाळेत रंगपटावरून कळलं, की त्या दोघांतला मोठाही एकटा नाही. आज हिशेब असा आहे, की वसिष्ठाचे चार आणि अरुंधतीचे दोन, असे सहा तारे तिथे नांदतात. एकत्र कुटुंबच म्हणायचं.

आमच्या दुर्बिणीला काटकोनी प्रिझम न लावता पाहिलं, तर सगळं उलटं दिसतं, वरचं खाली आणि डावं उजवीकडे. उंचावरचा तारा पाहायचा तर जमिनीवर जवळपास आडवं व्हावं लागतं. भाची चटईवर पडून किती तरी वेळ पाहत होती. मग उठून लाल उजेडात वसिष्ठाचं चित्र काढलं. मी माझी जुनी वही उघडून शेजारी धरली. सत्तावीस वर्षांपूर्वीचं चित्र आणि हे चित्र हुबेहूब एक. ती खूश आणि मीही.

त्या रात्री दक्षिणेला खारट धुकट पडदा होता. मित्र नुसता तांबूस डाग दिसला. दुसऱ्या रात्री ढग. सड्यावर बसून आम्ही करवंदं खाल्ली आणि समुद्रातल्या मच्छीमार बोटींचे दिवे मोजले. दोन दिवे अगदी लगटून होते. "या पण जोडबोटी," भाची म्हणाली. थोड्या वेळानं एक दिवा सरकत निघून गेला आणि दुसरा जागीच राहिला. एक होती किनाऱ्याजवळ, दुसरी खूप आत. आम्ही दोघांच्या एका रेषेत बसलो होतो, एवढंच.

ताऱ्यांचंही असंच असतं. काही जोड्या नुसत्या दिसायला जोड्या, एक जवळ आणि दुसरा त्याच्या कितीतरी मागे. विल्यम हर्शेलला अठराव्या शतकात वाटत होतं, की बहुतेक जोड्या अशाच असणार. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेव्हा जवळचा तारा मागच्या ताऱ्याच्या तुलनेत किंचित हलताना दिसेल आणि त्यावरून अंतर मोजता येईल, असा त्याचा बेत. त्यानं शेकडो जोड्या टिपून ठेवल्या. वीसेक वर्षांनी पुन्हा मोजल्या, तर अंतर राहिलं बाजूला, काही जोड्यांतले तारे एकमेकांभोवती फिरताहेत असं निघालं! १८०३ साली त्यानं ते जाहीर केलं. गेला होता पट्टी शोधायला आणि हाती लागला तराजू. कारण दोन तारे एकमेकांभोवती किती वेळात आणि किती अंतरावरून फिरतात हे कळलं, की त्यांचं वजन काढता येतं. मित्रातला मोठा तारा आपल्या सूर्यापेक्षा जरा जड आणि धाकटा जरा हलका, हे असंच कळलं. एकमेकांभोवती फिरायला त्यांना ऐंशी वर्षं लागतात. हे सगळं मी भाचीला त्या ढगाळ रात्री मोठ्या ऐटीत सांगितलं. ऐंशी वर्षं, हे लक्षात ठेवा. मी मात्र चोवीस तासांत विसरलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी विजयदुर्ग पाहून आलो. किल्ल्यात साहेबाचे ओटे म्हणून एक जागा दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची सावली इथून गेली होती. लॉकियर साहेबांनी इथेच हेलियमचा शोध लावला, असं ऐकायला मिळतं. खरं तर लॉकियर त्या दिवशी इंग्लंडातच होते. त्यांनी सूर्याच्या रंगपटातली ती पिवळी रेघ पाहिली ऑक्टोबरात, तिथूनच. भाची म्हणाली, "म्हणजे सगळे सांगतात म्हणून लिहायचं नाही." मी मान डोलावली.

रात्री आभाळ धुतल्यासारखं होतं. अकराच्या सुमाराला दक्षिणेला त्रिशंकू पश्चिमेकडे कलायला लागला होता. त्याच्या डावीकडे मित्रक आणि मित्र, दोन ठळक दिवे. साडेअकराला मित्र बरोबर दक्षिणेला, म्हणजे जास्तीत जास्त वर येणार होता. दुर्बिणीत तो उकळत्या पाण्यातल्या दाण्यासारखा नाचत होता. इतक्या खालच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून तिरका येतो. एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळसर झालर दिसते. अशा वेळी घाई करायची नाही. नजर लावून थांबायचं. मधेच एखादा क्षण हवा स्थिर होते.

भाची दहा मिनिटं हलली नाही. एकदा म्हणाली, "एकच आहे." मी गप्प. मग बऱ्याच वेळानं वही ओढली आणि चित्र काढलं. मोठा ठिपका आणि त्याच्या बरोबर खाली, अगदी जवळ, लहान ठिपका.

मी जुनी वही उघडली. १९९६ च्या चित्रात धाकटा तारा डावीकडे वर होता आणि चांगला सुटा, हिच्यापेक्षा दुपटीनं लांब.

"चुकलं," मी म्हणालो. "पुन्हा बघ. झालर पाहिली असशील."

तिनं पुन्हा पाहिलं. "खालीच आहे."

"वर, डावीकडे बघ."

"मामा, तूच म्हणालास, दिसेल ते काढायचं. मला खालीच दिसतोय."

आता मी डोळा लावला. पहिल्यांदा काहीच नाही, नुसती थरथर. मग हवा क्षणभर थांबली, आणि पिवळसर मोठ्या ताऱ्याच्या बरोबर खाली नारिंगी धाकटा लखलखला. मला पटेना. प्रिझम लावून बसलो की काय म्हणून चाचपलं, तर ते पेटीतच होतं. दुर्बीणच कुठे ढळली असेल, एसटीतल्या खड्ड्यांनी भिंग सरकलं असेल, असं काहीबाही पुटपुटू लागलो.

"पण वसिष्ठ तर तुझ्या चित्राशी जुळला होता," ती म्हणाली.

तेवढ्यात आबा काठी आपटत वर आले. आम्ही अजून का नाही म्हणून बघायला. मी काहीही न सांगता त्यांना डोळा लावायला दिला. भाचीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. आबांनी चष्मा काढला, बराच वेळ पाहिलं.

"दोन आसत," ते म्हणाले. "एक मोठो, एक बारको. बारको खाल."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दुर्बीण बरोबर, भाची बरोबर आणि माझं जुनं चित्रही बरोबर. तारा हलला होता! ऐंशी वर्षांची फेरी, त्यातली सत्तावीस वर्षं मधे गेली. म्हणजे फेरीचा एक तृतीयांश. वसिष्ठाच्या जोडीला एका फेरीला हजारो वर्षं लागतात, म्हणून ते चित्र जसंच्या तसं जुळलं. मित्राची जोडी १९७६ साली आपल्याला सगळ्यात लांब लांब दिसत होती, बावीस विकला. मग जवळ येत येत २०१६ साली चार विकलांवर आली, आणि आता पुन्हा सुटी होते आहे. एक विकला म्हणजे किती, तर रुपयाचं नाणं चार किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढं. पुन्हा पूर्ण सुटी दिसेल ती २०५६ मध्ये.

"सॉरी," मी भाचीला म्हणालो. तिनं ते फार मनावर घेतलं नाही. तिला दुसरंच विचारायचं होतं. "हे दोन आहेत हे पहिल्यांदा कुणी पाहिलं?"

त्याचं उत्तर मला फार आवडतं. ते पाहिलं गेलं ते आपल्याच देशात, पुदुच्चेरीला, डिसेंबर १६८९ मध्ये. रिशो नावाचे फ्रेंच पाद्री सयामहून तिथे येऊन राहिले होते. पहाटे एका धूमकेतूचे वेध घेताना त्यांनी दुर्बीण या ताऱ्याकडे वळवली, आणि एकाचे दोन झाले. आपल्यासारखीच खालच्या आभाळात, किनाऱ्याच्या हवेत. त्याच्या चार वर्षं आधी त्रिशंकूतला सगळ्यात तेजस्वी ताराही जोडतारा आहे असं दिसलं होतं. तेही सयामला निघालेल्या पाद्र्यांनाच, वाटेत आफ्रिकेच्या टोकाशी मुक्काम पडला तेव्हा.

आम्ही त्यानंतर त्रिशंकूही पाहिला. तो आणखी खाली गेला होता. आम्हा दोघांनाही तो एकच दिसला आणि वहीत तसंच लिहिलं. मग ईशान्येला हंस वर यायला लागला होता, त्याच्या चोचीतला अल्बिरिओ. एक सोनेरी, एक निळा, आणि इतके सुटे की आबांनीही लगेच सांगितलं. तो कुठल्याही गावातून, लहानशा दुर्बिणीतून दिसतो. मेमध्ये जरा जागावं लागतं. पावसाळा संपल्यावर मात्र संध्याकाळीच तो डोक्यावर असतो. त्याचे दोघे खरंच एकमेकांभोवती फिरतात की आमच्या बोटींसारखे नुसते एका रेषेत आहेत, याचा अजून नक्की निकाल लागलेला नाही.

एक वाजता आबा कंटाळले. सकाळची गाडी साडेसहाची होती. भाचीनं माझ्या १९९६ च्या चित्राखाली, त्याच पानावर, आपला गोल पुन्हा नीट काढला. मोठा ठिपका, खाली लहान ठिपका. शेजारी लिहिलं, १९ मे २०२३, रात्री ११.४०, गिर्ये. पान अर्धं रिकामं राहिलं होतं. तिथे तिनं तिसरा गोल काढला, त्यात काहीच न भरता, आणि खाली २०५६ असं लिहून ठेवलं.

"बॅटरी खाल धर गो बाय," आबा पुढून ओरडले. "पाय बघून टाक."