फुल प्राइस? विचार करून!

मी रुपयांत हिशेब करणं सोडलंय. मी लेखांत करते. प्लेस्टेशनचा नवा मोठा गेम पाच हजारांपर्यंत जातो. म्हणजे माझे दोन लेख. आणि त्यांचे पैसे येणार तीन महिन्यांनी! फ्रीलान्सर मंडळींना हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

त्यामुळे गेम आल्या आल्या पूर्ण किंमत मोजायची का, हा आमच्या घरी लग्नाइतकाच सीरियस विषय. आईचं मत, 'सेल लागला की घे, कुठे पळून जातोय?' खरंय तिचं. एकट्यानं खेळायचा, गोष्टवाला गेम पळत नाही. उलट लोणच्यासारखा मुरतो. 'सायबरपंक २०७७' आठवतोय? डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अशी काही वाट लागली, की सोनीनं तो महिना संपायच्या आत आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढला आणि पैसे परत देऊ केले. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर तोच गेम सॉलिड झाला. मी त्यानंतर, सेलमध्ये घेतला. आधी घेणाऱ्यांनी टेस्टिंग केलं, तेही पदरचे पैसे देऊन!

अर्थात ट्रेलर बघून मीही पाघळलेय. एका रेसिंग गेमचं (नाव नको) प्री-ऑर्डर केलं आणि चार संध्याकाळींत कंटाळले. पीसीवाल्यांचं बरं असतं. स्टीमवर १४ दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. पण दोन तास? माझा पाऊण तास तर हिरॉइनचं नाक ठरवण्यातच जातो.

मग मार्च २०२५ मध्ये 'स्प्लिट फिक्शन' आला. दादा तेव्हा नुकताच स्टुटगार्टला गेला होता. फोनवर आमचं बोलणं म्हणजे 'जेवलीस का', 'थंडी आहे का', की लगेच फोन आईकडे. लहानपणी एका कंट्रोलरवरून झिंज्या उपटणारे आम्ही! हा गेम दोघांनीच खेळायचा, एकट्याची सोयच नाही. एकानं विकत घ्यायचा, दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर फुकट. मी रिव्ह्यूसुद्धा वाचला नाही. पहिल्याच आठवड्यात, पूर्ण किमतीला घेतला.

शनिवारी रात्री आमचे साडेअकरा, त्याचे सात. 'अगं उडी मार ना, माठ!' हे हेडफोनमध्ये ऐकून किती बरं वाटावं? तिसऱ्या शनिवारी, ड्रॅगनवर बसलेलो असताना, तो मध्येच म्हणाला, ''इथे फार एकटं वाटतं गं.'' व्हिडिओ कॉलवर, आईसमोर, हे तो कधीच बोलला नसता. मला काही सुचेना. मी गेम थांबवला नाही. ''डावीकडून ये, मी थांबलेय,'' एवढंच म्हणाले. मग पहाटे तीनपर्यंत खेळलो.

तो गेम नंतर सेलमध्ये बराच स्वस्त झाला. आईनंच दाखवलं, 'बघ, थांबली असतीस तर!' विशलिस्टमध्ये आता अकरा गेम आहेत. सगळे एकट्यानं खेळायचे. दिवाळीच्या सेलपर्यंत त्यांना हात लावणार नाही.