नावामागचे 'कै.'

दुसऱ्यांच्या चुका काढण्यात माझी वीस वर्षे गेली. वह्या लाल करण्याची बोटांना इतकी सवय झाली आहे की, लग्नपत्रिका हाती आली तरी ती आधी पेन शोधतात. अशा माणसाची चूक प्रथम वर्षाच्या एका मुलीने भर सभेत काढावी, हे खरे तर सांगण्यासारखे नाही. पण फराळाच्या ताटाशी माणूस थोडे खरे बोलतो.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. १६ तारखेला आमच्या वसईच्या महाविद्यालयात विजय दिनाचा लहानसा कार्यक्रम होता. भाषण माझे, आणि अक्षर बरे म्हणून फळाही माझ्याच वाट्याला आलेला. मी मोठ्या झोकात लिहिले : 'कै. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे'.

भाषणाची तयारी मी कसून केली होती. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी युद्धाला तोंड फुटले आणि ५ तारखेला तांबे पाकिस्तानातील शोरकोटच्या विमानतळावर हल्ला करायला निघाले. विमान सुखोई-७, रशियन बनावटीचे. बॉम्ब घेऊन खाली झेपावायचे आणि मारा करून परत फिरायचे, हे त्याचे काम. आत जागा एकाच माणसाची. शेवटच्या क्षणी काय झाले हे सांगायला शेजारी कोणी नसते. ते विमान परतले नाही.

घरी दमयंतीबाई होत्या. बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेले. त्याच सुमारास पाकिस्तानातल्या एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली, आणि तिच्यात 'तांबे'शी मिळतेजुळते एक नाव होते. तेवढ्या एका नावावर किती वर्षे काढावीत माणसाने! सिमला करारानंतर आपण ९३ हजारांच्या आसपास पाकिस्तानी युद्धकैदी परत पाठवले. आपले ५४ जण मात्र बेपत्ता म्हणून यादीत राहिले. 'आमच्याकडे कोणी नाही', हे तिकडचे ठरलेले उत्तर. १९८३ साली आणि पुन्हा २००७ साली नातेवाईक तिथले तुरुंग पाहून आले. २००७ च्या खेपेला दमयंतीबाईही होत्या. हाती काही लागले नाही. त्यांनी दुसरे लग्न केले नाही.

एवढे सगळे मी बऱ्यापैकी रंगवून सांगितले. टाळ्याही पडल्या. आणि मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, वर्गात कधी तोंड न उघडणारी.

"सर, ते 'कै.' पुसा ना."

"का गं?"

"तुम्हीच सांगितलंत, ते सापडले नाहीत म्हणून. आमचा काका बोटीवर गेला तो आला नाही. नऊ वर्षं झाली. आजी त्याच्या नावामागं असलं काही लावू देत नाही."

सभागृहात कोणी हसले नाही. मी डस्टर शोधला. तो नेहमीप्रमाणे जागेवर नव्हता. मग हातानेच पुसले. 'कै.' गेले, पण त्या जागी खडूचा पांढरा डाग उरला, आणि पुढचा सगळा वेळ मी त्या डागाकडे पाठ करून उभा होतो.

संध्याकाळी पाय आपोआप किल्ल्याकडे वळले. १७३९ साली चिमाजी आप्पांनी घेतलेला हा किल्ला आम्हा वसईकरांच्या अभिमानाचा विषय. पण त्या दिवशी मला आठवत होती ती आप्पांची सून. सदाशिवरावभाऊ त्यांचेच चिरंजीव. १७६१ मध्ये भाऊ पानिपतावरून परतले नाहीत, आणि पार्वतीबाईंनी कपाळाचे कुंकू पुसायला साफ नकार दिला. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया निघाला. १७७६ साली त्याला देहदंड झाला आणि त्याच्यावर केळकरांनी 'तोतयाचे बंड' नाटक लिहिले. ते नाटक मी वर्गात शिकवले आहे. तोतयाच्या स्वभावरेखेवर दहा गुणांचे प्रश्नही काढले आहेत. कुंकू न पुसणाऱ्या बाईवर एकही प्रश्न मी कधी काढला नाही. तिचे ते वेड, असे मनातल्या मनात धरून चाललो होतो.

कायद्याला सात वर्षे पुरतात. तेवढ्या काळात ज्याची काही खबर नाही, तो मेला असे धरता येते. कायद्याला कुठेतरी थांबावेच लागते, हे मलाही कळते. पण घरातल्या माणसाचे घड्याळ वेगळे चालते.

आठवड्याने ती मुलगी स्टाफरूमच्या दाराशी आली. हातात शिधापत्रिका.

"सर, दुकानात सगळ्यांचे अंगठे मागतायत. काकाचा नाही लागला तर नाव कमी होईल म्हणतात. आजी म्हणते, धान्य नको, पण नाव राहू दे. अर्ज लिहून द्याल?"

अर्जाचा उपयोग होईल असे मला वाटत नव्हते. तरी कागद पुढे ओढला. 'महोदय' लिहिले. 'वरील शिधापत्रिकेतील माझा मुलगा' इथवर लेखणी सरळ आली आणि अडली. 'मयत' नाही, 'हयात' म्हणवेना, 'बेपत्ता' आजीला चालेल की नाही कोण जाणे!

"आजी काय म्हणते गं त्याला?" मी विचारले.

"ती म्हणते, दर्यावर गेलाय."

मी तसेच लिहिले. खाली आजीच्या अंगठ्यासाठी जागा सोडली.