न वाचलेले पत्र

आमच्या घरी लग्ने जुळवण्याचा अनुभव दांडगा. आईने तीन नणंदा आणि दोन भाच्या उजवल्या आहेत. त्यामुळे एम्. बी. बी. एस्. झाल्यावर, ‘मला अमेरिकेत मेडिसिनची रेसिडेन्सी करायची आहे आणि तिथे जागा मिळण्याच्या पद्धतीला मॅच म्हणतात,’ असे मी सांगितले, तेव्हा बाबा गोंधळले. पण आईला सगळे क्षणात उमगले.

“म्हणजे स्थळंच पाहायची की गं!” ती म्हणाली.

ते शब्दशः खरे निघाले. सप्टेंबरात अर्ज धाडायचे, थंडीत मुलाखती द्यायच्या, आणि मग उमेदवाराने आपल्या पसंतीच्या इस्पितळांची क्रमवार यादी द्यायची. इस्पितळेही आपापली यादी देतात. संगणक या याद्या जुळवतो आणि मार्चच्या मध्यावर निकाल लागतो. तो दोन्ही पक्षांवर बंधनकारक! ही पद्धत 1952 पासूनची. त्याआधी इस्पितळे मुलांना शिक्षण पुरे होण्यापूर्वीच गाठीत आणि ‘आत्ताच हो की नाही ते सांगा’ म्हणून घायकुतीला आणीत. पुढे 1962 साली गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी कॉलेजचे प्रवेश आणि विवाहाचे स्थैर्य या दोन्हींवर मिळून एकच निबंध लिहिला. शॅप्ली आणि मॅचचा अभ्यास करणारे रॉथ यांना 2012 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हे ऐकून आई एवढेच म्हणाली, “आणि मला साधी साडीसुद्धा मिळाली नाही कुणाकडून!”

आता स्थळे पाहायची म्हणजे पत्रिका हवी. माझ्या पत्रिकेत दोन मोठ्या परीक्षा होत्या. त्यांतल्या पहिलीचे गुण 2022 पासून देत नाहीत, नुसते ‘पास’ किंवा ‘नापास’. त्यामुळे सगळा भार दुसरीवर. शिवाय इंग्रजीची परीक्षा, ‘मी डॉक्टर का झाले’ यावरचा निबंध, आणि शिफारसपत्रे. दर इस्पितळामागे फी निराळी. बाबांनी एक मुदतठेव मोडली आणि मला कळू दिले नाही. मला ते बँकेच्या पासबुकातून कळले.

खरी गोष्ट आहे ती शिफारसपत्राची. मी विभागप्रमुखांकडे गेले तेव्हा सरांपुढे बाह्यरुग्णांची दारापर्यंत रांग होती. वर न पाहताच ते म्हणाले, “तूच लिहून आण. मी सही करून धाडतो.”

यात काही वावगे आहे असे कुणालाच वाटत नव्हते. माझ्या मैत्रिणींनीही आपापली पत्रे अशीच लिहिली होती. मी रात्रभर बसून लिहिले. ‘असामान्य बुद्धिमत्ता’, ‘अथक परिश्रम’, ‘माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात अशी विद्यार्थिनी...’ वाचून मलाच माझा हेवा वाटला! मग अर्जातला तो चौकोन आला. ‘हे पत्र वाचण्याचा माझा हक्क मी सोडत आहे.’ तशी खूण केली नाही तर पत्राला कुणी किंमत देत नाही म्हणतात. मी खूण केली. जे पत्र मीच लिहिले, ते वाचण्याचा हक्क मी उदारपणे सोडून दिला.

त्या वर्षी मुलाखतीची बोलावणी आली फक्त दोन. 11 मार्च 2024, सोमवार. संध्याकाळी दिवेलागणीनंतर ई-मेल आली. जागा नाही. आईने दुपारीच आणलेला पेढ्यांचा पुडा उचलून कपाटात ठेवला. पुढे कित्येक दिवस त्याचे नाव कुणी काढले नाही.

आता पत्रामुळेच जागा गेली असे मी म्हणणार नाही. अर्ज उशिरा गेला होता, आणि तिकडच्या इस्पितळातला अनुभवही माझ्यापाशी नव्हता. पण रात्री झोप लागेना तेव्हा डोळ्यांपुढे यायचा तो चौकोनच.

नाशिक जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नोकरी धरली. ताप, बाळंतपणे, विंचूदंश. लग्नकार्यात नातेवाईक विचारीत, “काय, अजून जमलं नाही का?” माझे वय पाहता ते नेमके कशाबद्दल विचारीत आहेत हे कळायला मार्ग नसे.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा सरांपुढे उभी राहिले. “सर, या वेळी पत्र तुम्हीच लिहा.”

“का? मागचं काय वाईट होतं?”

“ते माझं होतं, सर. तुम्हांला जे वाटतं ते लिहा. वाईट लिहिलंत तरी चालेल.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वाईट लिहीन हं,” ते म्हणाले. तीन आठवड्यांनी निरोप आला, पत्र गेले.

या वेळी मुलाखती आठ. तिकडे सकाळचे दहा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. पडद्यावर दिसेल तेवढा काळा कोट, खाली घरातली सलवार. आणि आईला कुकर न लावण्याची ताकीद. एका मुलाखतीत समोरच्या डॉक्टरीणबाई कागद चाळीत म्हणाल्या, “दोन पाटलांची हकिगत मला सांगा.”

माझे हातपाय गार पडले. इंटर्नशिपमध्ये एका रात्री दोन पाटील आडनावाच्या रोग्यांच्या रक्ताच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या माझ्या हातून उलटसुलट लागल्या होत्या. एकाचे औषध दुसऱ्याला सुरू होणार होते. रात्री अडीच वाजता लक्षात आले, तेव्हा मी आधी औषध थांबवले आणि मग सरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या वॉर्डासमोर माझी अशी हजेरी घेतली, की मी जिन्यात बसून रडले होते.

“चूक कुणाला कळली नव्हती. मग फोन का केलात?” बाईंनी विचारले.

“भीती वाटली म्हणून,” मी म्हटले. “आणखी कुठे काही चुकलं असेल तर ते मला एकटीला सापडलं नसतं.”

त्यांनी काहीतरी लिहून घेतले.

यादी देताना मैत्रिणी म्हणाल्या, जिथे खात्री वाटते ते इस्पितळ वर लिही. आई म्हणाली, “नकाराच्या भीतीनं मनातलं स्थळ खाली ढकलू नये.” गणितही नेमके हेच सांगते. संगणक आधी तुमची पहिली पसंती पाहतो. तिथे जमले नाही तरी दुसऱ्या ठिकाणची तुमची संधी रतीभरही कमी होत नाही. मी बाईंचे इस्पितळ पहिले लिहिले.

17 मार्च 2025 ला जागा मिळाल्याचे कळले. कुठे, ते शुक्रवारी रात्री साडेनऊला. माझ्या यादीतले तिसरे नाव. क्षणभर मन खट्टू झाले, पण पेढे त्याच रात्री वाटले गेले. शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहावे, अशी माझ्या व्हिसाची अट आहे; ती आईने माहेरपणात जमा करून टाकली.

सरांना फोन केला. आभार मानून झाल्यावर राहवेना. “सर, पत्रात आणखी काय लिहिलं होतंत?”

“चौकोनावर खूण केली होतीस ना?” सर म्हणाले.

“हो, सर.”

“मग विचारू नकोस.”