उचललं म्हणतो, ठेवतो कुठं?

व्हिम या एडिटरमध्ये उचललेलं ब्राउझरमध्ये चिकटलं नाही, हे मी एक वेळ सोसेन. पण ते पोचलंच नाही हे कुणी सांगितलं नाही, त्याचा राग अजून आहे.

मी विट्यात घरूनच काम करतो. शेजारी यंत्रमाग, त्यामुळं फोनपेक्षा चॅट बरा. चुलतभाऊ तामिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, त्याच्या हिशेबाचा प्रोग्रॅम माझ्याकडं. नव्या उबुंटूवर घटीच्या ओळी निवडल्या, क्लिपबोर्डवर उचलायला डबल कोट, अधिक, वाय दाबलं. खाली ओळी उचलल्याचा संदेश. चॅटमध्ये चिकटवलं तर तिकडून उत्तर, "दादा, हे मगाचंच आलंय की!"

परत उचललं, परत तेच. व्हिममध्येच चिकटवलं तर मात्र अगदी बरोबर! म्हणून तर संशय ब्राउझरवर गेला, मग चॅटवर, मग कीबोर्डवर. खरी गोष्ट अशी की तेव्हाचं उबुंटूचं साधं व्हिम क्लिपबोर्डच्या सोयीशिवाय बांधलेलं होतं. अधिकच्या, म्हणजे क्लिपबोर्डच्या खणात ठेव म्हटलं की ते मुकाट्यानं आपल्या बिननावाच्या खणात ठेवायचं. रजिस्टर पत्राची पावती फाडून द्यायची आणि पत्र टेबलाच्या ड्रॉवरमध्ये सारायचं, तसला कारभार. आणि हे मदतीच्या पानांत लिहिलेलंय, म्हणजे ठरवून केलेलं! सर्व्हरला स्क्रीनच नसते, तिथं सोय कापली तर हरकत नाही. पण एक ओळ छापायला काय जात होतं?

व्हिमची आवृत्ती विचारली की क्लिपबोर्ड शब्दाआधी अधिक की उणे ते दिसतं. नवं मशीन आलं की आधी ते बघा. व्हिम-जीटीके३ टाकलं, उण्याचं अधिक झालं.

सर्व्हरवरून उचलायला ओएससी ५२ आहे. मजकूर सांकेतिक अक्षरांत टर्मिनलकडं येतो आणि टर्मिनल तो आपल्या क्लिपबोर्डवर ठेवतं. व्हिमपासून निघालेल्या निओव्हिमच्या ०.१० आवृत्तीत, २०२४ पासून, ते आतच आहे. काही टर्मिनलं याला अडवतात, आणि बरोबरच करतात. लांबच्या मशीननं माझ्या क्लिपबोर्डला हात का लावावा?

मग हौसेनं व्हिमचं 'अननेम्डप्लस' हे सेटिंग लावलं, म्हणजे दोन्हीकडं एकच खण. झालं, एक नको असलेली ओळ खोडली की ब्राउझरमधून आणलेला पत्ता गायब, कारण व्हिमचं खोडणंही उचलण्यातच जमा. शेवटी ते काढून टाकलं. आता खण वेगळेच बरे वाटतात.