‘मला आवडलं, बघा तुम्हाला जमतंय का’

वाचनालयाच्या काउंटरवर दोन प्रश्न रोज येतात. पहिला, ‘नवीन काय आलंय?’ याचं उत्तर सोपं. नव्या पुस्तकांचं कपाट दाखवलं की झालं. दुसरा अवघड: ‘काहीतरी चांगलं द्या.’ हे म्हणणारा माणूस पुस्तकाचं नाव सांगत नाही, लेखकाचं नाही, विषयाचंही नाही. पिशवीतलं जुनं पुस्तक काढून तो टेबलावर ठेवतो आणि समोर बसलेल्या, कदाचित नावही माहीत नसलेल्या माणसाच्या भरवशावर उभा राहतो. पुढचे आठ-दहा दिवस आपल्या उशाशी काय असावं, हे दुसऱ्याला ठरवू देणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

आमच्या उपनगरातल्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर एक ताई बसतात. हा प्रश्न आला की त्या लगेच उठत नाहीत. आधी परत आलेलं पुस्तक चाळतात. पानं सुटलीत का, कुणी रेघोट्या ओढल्यात का, हे बघणं त्यांचं कामच. पण त्या चाळण्यात बाकीचंही कळतं. लोकलचं तिकीट, गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद, लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा, असं काहीतरी खूण म्हणून आत राहून गेलेलं असतं. ते सुरुवातीच्याच पानांत सापडलं, तर वाचकाची गाडी तिथंच अडली असं समजावं.

एका आजोबांच्या पुस्तकातून असंच तिकीट निघालं. “कसं होतं, काका?” ताईंनी विचारलं.

“ठीक होतं.”

“म्हणजे पुरं झालं नाही,” तिकीट त्यांच्या हातात देत ताई म्हणाल्या.

आजोबा हसले. “अहो, माणसं किती त्यात! कोण कुणाचा मेहुणा, हेच लक्षात राहीना.”

एवढं कळल्यावर ताईंचं निम्मं काम झालं. बसून वाचता की आडवं पडून? दुपारी की रात्री? डोळ्यांचं ऑपरेशन झालं का? साहित्याशी या प्रश्नांचा संबंध काय, असं वाटेल. पण ‘मृत्युंजय’सारखा ऐवज छातीवर पेलत आडव्यानं वाचता येत नाही आणि बारीक टाइपातलं उत्तम पुस्तक मोतीबिंदूवाल्याला उत्तम राहत नाही. ताई आत गेल्या आणि विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ घेऊन आल्या. १९३९ सालची छोटेखानी कादंबरी. एक बोट, युरोपातून निघालेला प्रवास, मोजकी माणसं. “हाताला हलकं आहे,” त्या म्हणाल्या, “बाकीचं तुम्ही ठरवा.”

ताईंच्या शिफारशीचं सगळं बळ पुस्तकाच्या परत येण्यात आहे. पुस्तकाच्या दुकानात पुस्तक विकलं गेलं की दुकानदाराचा आणि त्याचा संबंध संपतो. ते वाचलं गेलं, की शोकेसची शोभा झालं, हे त्याला कळायला मार्ग नाही. वाचनालयात मात्र प्रत्येक पुस्तक आपली हकीकत घेऊन परत येतं. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या पट्टीकडे बघा. काहींवर शिक्क्यांची दाटी असते, काहींवर एकच शिक्का आणि मग वर्षानुवर्षं कोरा कागद. कोणती कादंबरी मुदतीच्या आत परत येते आणि कोणती दोनदा मुदत वाढवूनही अर्धी राहते, याची जाण टेबलामागच्या माणसाला आपोआप येत जाते.

मराठी वाचनालयांची रीतही या सल्लामसलतीला पोषक होती. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं. सभासदानं स्वतः कपाटांत हिंडावं ही सोय आपल्याकडे सगळीकडे नव्हती, अजूनही नाही. यादीतून पुस्तकांचे क्रमांक उतरवून चिठ्ठी द्यायची. पहिलं बाहेर गेलेलं असणार हे धरूनच चार-पाच क्रमांक लिहायचे. चिठ्ठी घेऊन शिपाई आत जायचा आणि कधी कधी चिठ्ठीत नसलेलंच पुस्तक घेऊन यायचा. “यातलं एकही नाही, पण हे बघा.” या एका ‘पण’नं किती जणांच्या वाचनाला वळण दिलं असेल! बंद कपाटांमुळे वाचकाची पंचाईत व्हायची हे खरंच, पण त्या पंचाइतीतूनच दोन माणसांना बोलावंही लागायचं.

या बोलण्याला शास्त्रात जागा करून दिली ती शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त प्रसिद्ध झाले. त्यांतला दुसरा म्हणतो, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. तिसरा म्हणतो, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. दोन्ही वाक्यं वाचताना मला लग्न जुळवणाऱ्या मंडळींची आठवण होते. स्थळ सुचवणाऱ्याला दोन्ही घरं माहीत असावी लागतात. नुसती पत्रिका पाहून भागत नाही. आणि बोलणी फिसकटली तर दोन्हीकडची नाराजी त्यानंच झेलायची असते. वाचक आणि पुस्तक यांच्यामध्ये उभ्या असलेल्या या माणसाला रंगनाथनांनी फार मोलाचं मानलं.

यात एक पेच आहे. वाचकाची आवड ओळखून पुस्तक देणं वेगळं आणि स्वतःचं आवडतं पुस्तक पुढे करणं वेगळं. पहिल्यात कौशल्य लागतं, दुसऱ्यात धीर. आमच्याच वाचनालयात अमरावतीकडचे एक शिपाईकाका होते. पुस्तकं कपाटात लावणं, बाइंडिंगला जाणारी वेगळी काढणं, ही त्यांची कामं. ते सहसा कुणाला काही सुचवत नसत. पण कुणी अगदीच आग्रह केला तर उद्धव शेळक्यांची ‘धग’ काढून देत. १९६०ची ही कादंबरी. दारिद्र्याशी झगडणारी कौतिक आणि तिच्या तोंडची वऱ्हाडी. देताना म्हणत, “मला आवडलं. बघा तुम्हाला जमतंय का.” पुष्कळांना जमत नसे. भाषेला अडखळून पुस्तक दोन दिवसांत परत येई. काका ते निमूट घेत, जागेवर ठेवत आणि पुढच्याला पुन्हा तेच देत.

त्यांच्या त्या वाक्याचा मी बराच विचार केला आहे. ‘चांगलं आहे’ म्हटलं की पुस्तकाबरोबर एक ओझं येतं. ते आवडलं नाही तर दोष आपल्या बुद्धीचा, असं वाटू लागतं. शाळेत गुरुजींनी, पुढे समीक्षकांनी, मग पुरस्कारांच्या याद्यांनी आपल्याला हेच ऐकवलेलं असतं. शिफारस नेहमी वरून आलेली. ‘मला आवडलं’ यात दावा अगदी छोटा आहे. आवडलं कुणाला, ते समोर दिसतंय. तो माणूस कोण, कुठला, हे माहीत आहे. आणि ‘मला नाही बुवा आवडलं’ असं त्याला तोंडावर सांगायची मुभा आहे. मोबाइलवर ‘तुम्ही हे घेतलंत, तर हेही घ्या’ असा सल्ला झळकतो, पण त्याच्याशी भांडायला कुणी समोर नसतं. म्हणून काही वाचनालयं ‘आमच्या कर्मचाऱ्यांची आवड’ म्हणून एखादा कप्पा मांडतात, तेव्हा मला तो पुरस्कारप्राप्त पुस्तकांच्या कप्प्याहून मोलाचा वाटतो.

ग्रंथपालाची आवड किती लांब जाऊ शकते, याचं मराठीतलं ठळक उदाहरण वीणा गवाणकरांचं. ग्रंथपालनाचं शिक्षण घेऊन त्याच पेशात वावरलेल्या या बाई. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या अमेरिकी कृषिशास्त्रज्ञाच्या आयुष्यानं त्यांना झपाटलं. गुलामीत जन्मलेला, भुईमुगावरच्या कामानं नाव मिळवलेला हा माणूस आपल्या लोकांना कळलाच पाहिजे, या ओढीतून १९८१ साली ‘एक होता कार्व्हर’ आलं आणि मराठी घराघरांत पोचलं. एका वाचनवेड्या ग्रंथपालानं अख्ख्या महाराष्ट्राला केलेली शिफारसच म्हणायची ती.

अर्थात, काउंटरवरचा प्रत्येक जण वाचणारा असतोच असं नाही, आणि त्याबद्दल त्याला बोल लावणं सोपं आहे. १९६७च्या कायद्यानं महाराष्ट्रातली सार्वजनिक वाचनालयं शासनमान्यतेच्या चौकटीत आली. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, त्यानुसार अनुदान. त्या अनुदानातून हाती पडणाऱ्या पगारात घर चालवणाऱ्या माणसाचा दिवस दाखलनोंद, वर्गणीच्या पावत्या आणि तपासणीचे कागद यांत जातो. पुस्तकांच्या राज्यात बसून पुस्तक उघडायला सवड नाही, ही त्याची रोजची गत. शिवाय आपली ऐटही आड येते. काय वाचावं, हे शिपायाला विचारायला शिकलेल्या सभासदाची जीभ चटकन रेटत नाही. ‘धग’ मला काकांनी दिली, हे चारचौघांत सांगताना समोरच्याच्या भुवया वर गेलेल्या मी पाहिल्या आहेत. कादंबरीतली कौतिक त्या भुवयांपेक्षा काकांना जवळून माहीत होती, हे समोरच्याच्या लक्षातही आलं नाही.

या देवघेवीत वाचकाच्या वाट्यालाही थोडं काम येतं. पुस्तक परत करताना ‘झालं’ एवढंच बोलून पिशवी पुढे सरकवू नये. आवडलं तर काय आवडलं, कंटाळा आला तर कुठल्या पानावर आला, ते अर्ध्या मिनिटात सांगता येतं. मागे रांग असली तरी हरकत नाही. रांगेतल्या कुणाला तरी त्यातूनच आपलं पुढचं पुस्तक मिळण्याचा संभव असतो.