पश्चिमवाहिनी इंद्रायणी

परळ-लालबागच्या चाळींत ज्यांचे उभे आयुष्य गेले त्या पिढीला करमणुकीसाठी घाट चढून जाण्याची आवश्यकता पूर्वी कधी भासली नव्हती. भारतमाता चित्रपटगृह हाकेच्या अंतरावर होते. हनुमान थिएटरात ढोलकीवर थाप पडली की पहिल्या पाळीचा माणूस अंगावरचा कापूस झटकून तिकिटाच्या खिडकीशी उभा राही. सोशल सर्व्हिस लीगच्या दामोदर नाट्यगृहात गिरणीतला जॉबर राजाचा मुकुट घाली आणि साचेवाला त्याचा प्रधान होई. आणि गणेश गल्लीत 1928 सालापासून जो उत्सव बसतो त्याच्या मांडवात दहा दिवस कोणाच्या डोळ्याला डोळा लागत नसे. माझे बालपण गिरगावातले. ज्या केशवजी नाईकांच्या चाळीने 1893 साली सार्वजनिक गणपती बसविला तिच्यापासून फार दूर नसलेल्या वाडीत मी वाढलो, आणि मेळे, साहित्य संघाचे नाट्यगृह व चौपाटीची वाळू एवढ्या परिघात आमची सारी हौस भागत असे. पण हिचे माहेर लालबागचे, आणि विवाहानंतर बिऱ्हाड दादरला थाटल्यामुळे मी त्या गिरणगावाच्या आनंदाचा कायमचा भागीदार झालो. तो आनंद विकत घ्यावा लागत असला तरी एकट्याने भोगावा लागत नव्हता.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा जो संप सुरू झाला, ज्यात सुमारे अडीच लाख माणसे उतरली आणि जो रीतसर कधी मागेही घेतला गेला नाही, त्याने पगार गेला, गिरण्या गेल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याने शेजारही नेला, याची नोंद कोणत्या दप्तरात झालेली मला आढळली नाही. ज्या गॅलरीत एका टोकाला फोडणी पडली तर दुसऱ्या टोकाला ठसका लागे, तिथली बिऱ्हाडे हळूहळू बदलापूर, डोंबिवली, विरार अशी पांगली. हिचे दादा साचेखात्यात कायम झालेले कामगार होते. संपानंतर त्यांनी रखवालदारी केली आणि बदलापूरला दोन खोल्या घेतल्या. माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान विरारला गेले. पुढे आम्ही एकमेकांना भेटत राहिलो ते लग्नाच्या मांडवात, बारशाला, नाहीतर दहाव्याच्या घाटावर. माझ्या निवृत्तीनंतर एके सायंकाळी ही म्हणाली, "अहो, कुणाचं काही कार्य नसताना एकदा सगळे भेटू या की." त्या एका वाक्यातून आमच्या लोणावळा-खोपोलीच्या सहलीचा जन्म झाला. भाच्याने फोनवरूनच लोणावळ्याला बंगल्याची तजवीज केली, खोपोलीजवळच्या इमॅजिकाची तिकिटे काढली, आणि आयुष्यभर कारकुनी केलेल्या माझ्याकडे जमाखर्चाची वही आपोआपच आली.

दादरहून पहाटेची इंद्रायणी एक्सप्रेस धरली. कल्याणला दादा आणि वहिनी चढले, ते हातात डब्यांची पिशवी घेऊनच. कर्जतला गाडी नेहमीप्रमाणे थांबली, मागे घाटाची जादा इंजिने जोडली गेली, वड्यांचा वास डब्यात शिरला, आणि गाडीने बोगद्यांच्या काळोखात प्रवेश केला. भोर घाटाच्या या लोहमार्गाविषयी मला लहानपणापासून एक ओढ वाटत आली आहे, आणि ती केवळ दऱ्याखोऱ्यांच्या शोभेमुळे नाही. 1859 साली या कामाचा मक्ता घेऊन सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज येथे आला आणि थोड्याच दिवसांत दगावला. त्याच्यामागे त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने मक्ता सोडून मायदेशी जाण्याऐवजी काम तडीस नेण्याची व्यवस्था केली, आणि 1863 साली घाट वाहतुकीस खुला झाला. कातळ फोडणारे हजारो मजूर मात्र या मुलखातले होते. त्यांतील कित्येक पटकीने गेले, आणि त्यांच्या विधवांनी काय केले हे सांगणारा कागद कोणी जपला नाही. पावसाळ्यात धबधबा आला की मुले खिडकीला नाक लावून ओरडतात. त्यांनी अवश्य ओरडावे. पण त्या कातळावरील सुरुंगाच्या खुणांकडेही कोणीतरी त्यांचे लक्ष वेधावे, असे मला मनापासून वाटते. दादांनी ते केले. प्रत्येक बोगदा संपला की ते माझ्या भाच्याच्या मुलीला सांगत, "हा हातानं खणलाय हं, बाळ."

लोणावळ्याची ख्याती आज हवेची, चिक्कीची, मेणाच्या पुतळ्यांची आणि शनिवार-रविवारच्या अलोट गर्दीची. परंतु या गावात सुखासाठी म्हणून जे जे दाखविले जाते त्यातले पुष्कळसे मुळात कष्टासाठी निर्माण झालेले आहे. भुशीच्या धरणाच्या पायऱ्यांवरून आषाढ-श्रावणात पाणी वाहू लागले की त्यात बसण्यासाठी मुंबईकर जिवावर उदार होतात. ते धरण रेल्वेने बांधले ते वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून. आणि वळवण व लोणावळा येथील तलाव, ज्यांच्या काठाने आम्ही पहिल्या सायंकाळी सावकाश फिरलो, त्यांचा तर आमच्याशी रक्ताचा म्हणावा असा संबंध निघाला.

दुसऱ्या दिवशी खोपोलीला उतरायचे होते. भाच्याने मोटार ठरविण्याची भाषा केली. पण वहिनींनी एस. टी.चा आग्रह धरला. 2023 सालापासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाल्यावर त्या एकट्या माहेरी जाऊन येऊ लागल्या आहेत, आणि लाल गाडीविषयी त्यांच्या मनात कृतज्ञता आहे. गाडी जुन्या रस्त्याने घाट उतरू लागली. शिंग्रोबाचे देऊळ आले तशी पुढच्या बाकावरील एका म्हातारीने हात जोडले. घाटाची वाट गोऱ्या साहेबाला एका धनगराने दाखविली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी कथा सांगतात. ती इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरेल ते असो, पण त्या देवळापाशी नाणे टाकल्याशिवाय पुढे न जाणारे चालक अद्याप आहेत, आणि वाट दाखविणाऱ्याचे ऋण मानण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

आणि मग, खाली खोपोली दिसू लागली तेव्हा, डोंगराच्या अंगावरून सरळ उतरलेल्या त्या प्रचंड नळांकडे मी दादांचे लक्ष वेधले. जमशेटजी टाटांच्या मनात असलेली ही योजना त्यांच्या पश्चात 1910 साली स्थापन झालेल्या कंपनीने 1915 साली सिद्धीस नेली. घाटमाथ्यावरच्या तलावांत पावसाचे पाणी अडवावयाचे, ते सतराशे फुटांहून अधिक उंचीवरून या नळांतून खाली सोडावयाचे, त्याच्या वेगावर खोपोलीत यंत्रे फिरवून वीज उत्पन्न करावयाची, आणि ती चाळीसहून अधिक मैलांच्या तारांवरून मुंबईला, थेट परळला, न्यावयाची. तोपर्यंत कोळशाच्या वाफेवर चालणाऱ्या कापडगिरण्या या पाण्याच्या बळावर चालू लागल्या. हे घडावे म्हणून अनेकांची भातशेते तलावांखाली गेली. पुढे मुळशीला तशीच पाळी आली तेव्हा 1921 साली मावळे शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले आणि पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातून सेनापती झाले, हेही विसरता येत नाही.

पण दादांना मी सांगितले ते याहून निराळे होते. हे तलाव इंद्रायणीच्या उगमखोऱ्यातले. जे पाणी निसर्गक्रमाने देहू आणि आळंदीवरून पूर्वेकडे जाऊन भीमेला मिळावयाचे, चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णवांच्या पायांना लागावयाचे, त्यातलेच काही येथे अडवून पश्चिमेकडे वळविले गेले, नळांतून उतरले, पाताळगंगेला मिळाले आणि जाता जाता लालबागचे साचे फिरवून गेले. दादांचे वडील तात्या चाळीच्या भजनी मंडळाचे बुवा. दर एकादशीला रात्रपाळी नसेल त्याने टाळ घेऊन बसावे असा त्या मजल्याचा दंडक होता. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडाली आणि तरली ही कथा त्यांनी किती वेळा सांगितली असेल त्याची गणती नाही. ज्या नदीचे नाव ही माणसे रात्री गात होती, तिच्याच पाण्याच्या बळावर ती दिवसा आठ-आठ तास उभी राहून कापड विणत होती, आणि हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दादा पुष्कळ वेळ नळांकडे पाहत राहिले. "म्हणजे तात्यांनी बावीस वर्षं इंद्रायणीच ओढली म्हणायची," एवढे म्हणून त्यांनी खिडकीतूनच नमस्कार केला.

इमॅजिका हे 2013 साली उघडलेले विस्तीर्ण क्रीडानगर. तेथील झगमगाट, गाणी, वेषधारी पात्रे, आकाशात वळसे घेणारे लोखंडी रूळ, यांचे वर्णन मजपेक्षा तरुण लेखणीने करावे. मुले नायट्रो नावाच्या त्या उंच पाळण्याकडे धावली, आणि आम्ही वडीलधारी मंडळी कठड्याच्या सावलीत थांबलो. दादा थांबले नाहीत. ते कठड्याला लावलेल्या लोखंडी खांबापाशी गेले, तळहात त्यावर सपाट ठेवला, आणि गाडी वरून खाली येताना डोळे मिटून उभे राहिले. तीच गाडी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आली तरी हात तिथेच. नंतर आमच्याकडे वळून ते म्हणाले, "तेलपाणी बरोबर आहे. आवाज एकसारखा येतोय. पोरांना बसू दे." ज्या माणसाला इतर साच्यांच्या खडखडाटात आपल्या साच्याचा बदललेला सूर ओळखू येत होता, त्याच्या हातातली विद्या इतक्या वर्षांनी शाबूत होती, आणि तिचा उपयोग नातवंडांच्या निर्धास्त हसण्यासाठी होत होता, हे पाहून माझा कंठ दाटून आला.

रांगेच्या तोंडाशी गणवेशातला एक मुलगा उभा होता, जवळच्याच गावातला. दादांनी त्याला विचारले, "पाळी किती तासांची रे?"

"आठ, काका."

"रविवारी सुट्टी?"

"रविवारी कशी मिळेल? तेव्हाच तर तुम्ही लोक येता. आमची सुट्टी मधल्या वारी."

दादांनी मान डोलावली आणि वहिनींच्या डब्यातले दोन लाडू काढून त्याच्या हातावर ठेवले. त्या प्रश्नाच्या मागे किती मोठा इतिहास उभा आहे! गिरणीत आठवड्याची एक सुटी असावी यासाठी 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, सभा भरविल्या, सह्या गोळा केल्या, आणि 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवार मिळाला. आपण ज्या सहजतेने 'येत्या रविवारी जाऊ' असे म्हणतो ती कोणीतरी भांडून मिळविलेली आहे. आणि आपल्या रविवारी जो कामावर असतो त्याचा हक्काचा वार कोणता, हे विचारणे हा त्या भांडणाच्या वारसदारांचा धर्मच आहे. दादांना तो कोणी शिकविला नव्हता. तो त्यांच्या अंगात होता.

दुपारी आम्ही सारी वृद्ध मंडळी एका अर्धगोल पडद्याच्या प्रेक्षागृहात शिरलो. तेथे खुर्च्या प्रेक्षकांसह उचलल्या जातात, पाय अधांतरी लोंबू लागतात, आणि पडद्यावर आपला देश आकाशातून पाहावा तसा पायांखालून सरकतो. हिने माझा हात घट्ट धरला आणि पलीकडे वहिनींचा. माझी बहीण, जी विरारहून दादरला यायचे म्हटले तरी गुडघ्यांचे निमित्त सांगते, ती हिमशिखरांवरून जाताना मोठ्याने हसत होती. तिचे ते हसणे मी गिरगावच्या वाडीत, मेळ्याच्या रात्री, शेवटचे ऐकले होते. करमणुकीच्या या नव्या नगरांवर कृत्रिमतेचा आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत. त्यांचे सर्वच म्हणणे मी खोडून काढणार नाही. पण ज्यांचा मांडव, ज्यांचे थिएटर, ज्यांची गॅलरी काळाने हिरावून घेतली, त्यांना तिकिटाच्या मोलाने का होईना, एका ओळीत शेजारी-शेजारी बसविणारी जागा मला परकी वाटत नाही.

त्या रात्री बंगल्याच्या व्हरांड्यात कोणी कोणाला झोपायला जा म्हटले नाही. खुर्च्या बाजूला सारून सतरंजी घातली गेली. भाच्याने टाळ विचारले. ते कोणी आणले नव्हते, म्हणून वहिनींनी स्टीलच्या दोन वाट्या पुढे केल्या. दादांनी वडिलांच्या चालीवर अभंग लावला, आणि ज्या भाच्याला मराठी गाणे म्हणजे मोबाइलवरचे एवढेच ठाऊक असावे अशी माझी समजूत होती, त्याने ध्रुपद अचूक उचलले; लालबागच्या गॅलरीत तो कधीतरी मांडीवर बसून ते ऐकत होता. मध्यरात्र उलटल्यावर जमाखर्च निघाला. मी वही वाचून दाखविली, वाटण्या सांगितल्या. दादांनी आपला हिस्सा रोख मोजून दिला आणि कमी घेण्याची माझी विनंती अमान्य केली.

परतीच्या गाडीत वहिनींनी भिशीचा विषय काढला. चाळीत बायकांची भिशी असे, तिच्यातून कोणाचा कुकर आला, कोणाच्या मुलीची फी भरली गेली. आता ती या प्रवासासाठी असावी, दरमहा प्रत्येक घराने ठरावीक रक्कम हिच्याकडे द्यावी, आणि पुढच्या वर्षी दिवस ठरविताना रविवार टाळावा, असे त्यांनी मांडले. माझ्या बहिणीने तत्काळ अनुमोदन दिले. कल्याण यायच्या आत वहिनींनी पदराच्या गाठीतून पहिल्या महिन्याचे पैसे काढून हिच्या हातावर ठेवले, आणि दादांनी मला वहीचे नवे पान काढून तारीख घालायला सांगितले.